लिव्हर फ्लूक : पाठ करायचा, की समजून घ्यायचा?



दहावीच्या विज्ञान भाग २ मधला प्राणी वर्गीकरणाचा पाठ तुम्ही शिकवला असेल, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री घरी मुलांकडून म्हणून घेतला असेल. त्यात चपट्या कृमींचा संघ येतो. शरीर पानासारखं किंवा पट्टीसारखं चपटं, द्विपार्श्व सममिती, बहुतेक उभयलिंगी, बहुतेक अंतःपरजीवी. उदाहरणे : प्लॅनेरिया, लिव्हर फ्लूक, पट्टकृमी. झालं! चला पुढच्या संघाकडे.

मीही हा पाठ अनेक वर्षं असाच शिकवला. फळ्यावर तक्ता काढायचा, उदाहरणांखाली रेघ मारायची आणि म्हणायचं, "हे एका गुणाला हमखास येतं बरं का." मुलं पाठ करत होती, गुण मिळत होते. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग एके दिवशी तास संपल्यावर एक मुलगी थांबली. तिच्या हातात आईचा मोबाईल होता. त्यावर एक फोटो होता. प्लॅस्टिकच्या टबात हिरवट-पिवळे खडे, वाटाण्यापासून लिंबाच्या बीएवढे. खाली लिहिलेलं : पित्ताशयातले खडे आणि लिव्हरमधले जंत एका रात्रीत बाहेर, ऑपरेशनची गरज नाही. उपाय सोपा. ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि एक क्षार, रात्री प्यायचं. तिच्या आईची सोनोग्राफी झाली होती, पित्ताशयात खडे निघाले होते. सर्जनना दाखवा असं सांगितलं होतं. पण ऑपरेशन म्हटलं की घरात सगळेच हबकतात. आईने तो उपाय दोनदा केला होता, आणि "खडे" खरंच पडले होते.

मुलीने विचारलं, "बाई, यात लिव्हर फ्लूक लिहिलंय. ते आपल्या पाठातलंच ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग हे खरं असेल ना?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. मी "डॉक्टरांना विचार" एवढंच म्हणाले. पुढे काही आठवड्यांनी तिच्या आईला थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले. पित्ताशयातला खडा सरकून नलिकेत अडकला होता. दवाखान्यात दाखल केलं, दुर्बिणीतून खडा काढला, नंतर पित्ताशयाचं ऑपरेशनही झालं. आता त्या बऱ्या आहेत. पण ती मुलगी माझ्याकडे खात्री करायला आली होती आणि मी तिला नुसतं परत पाठवलं, ही बोच गेली नाही. पुस्तकातला शब्द तिला मीच दिला होता. त्या शब्दाचा उपयोग तिला फसवणाऱ्याने केला, कारण शब्दाच्या मागचं काहीच मी तिला दिलं नव्हतं.

म्हणून हा लेख. लिव्हर फ्लूक हा एका गुणाचा शब्द नाही, असं माझं मत आहे. तो एका वाटेचा नकाशा आहे. वाट कळली की मुलांना दोन गोष्टी आपोआप जमतात : रोग कुठे अडवायचा ते कळतं, आणि थाप कुठली तेही कळतं.

हा किडा आहे तरी काय?

लिव्हर फ्लूक हे एकाच किड्याचं नाव नाही. आपल्या धनगर-शेतकऱ्यांना आणि पशुवैद्यकांना माहीत असलेला पर्णकृमी म्हणजे फॅसिओला. तो मेंढ्या, गाई-म्हशींच्या यकृतात राहतो. जनावर खंगतं, रक्त कमी होतं, जबड्याखाली पाण्याची सूज येते. पूर्व आणि आग्नेय आशियात माणसांना त्रास देणारे त्याचे भाऊबंद वेगळे : क्लोनॉर्किस आणि ओपिस्थॉर्किस.

क्लोनॉर्किसचं पूर्ण नाव क्लोनॉर्किस सायनेन्सिस. सायनेन्सिस म्हणजे चीनचा. पण गंमत पाहा, तो पहिल्यांदा सापडला आपल्या कलकत्त्यात! १८७४ साली तिथल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एका तरुण चिनी सुताराचा मृत्यू झाला. जेम्स मॅककॉनेल या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा यकृतातल्या पित्तनलिकांमध्ये त्यांना हे चपटे किडे दिसले. पुढच्या वर्षी त्यांनी ही नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तो सुतार किडा गावाकडून पोटात घेऊन आला होता. कलकत्त्यात तो कुणाला दिसला, पण तिथे पसरला नाही. का नाही पसरला? वर्गात विचारायचा खरा प्रश्न हाच. त्याचं उत्तर जीवनचक्रात आहे.

क्लोनॉर्किसची वाट अशी. माणसाच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात. अंडं साधारण ०.०३ मिलिमीटर, डोळ्यांना दिसणारच नाही. शौच तळ्यात किंवा ओढ्यात गेलं, तर गोड्या पाण्यातल्या ठरावीक जातीच्या छोट्या गोगलगाई ती अंडी खातात. गोगलगाईच्या पोटात अळी वाढते, एकीच्या अनेक होतात आणि पाण्यात पोहत बाहेर येतात. मग त्या माशाला गाठतात. हे मासे बहुतेक कार्प कुळातले, म्हणजे आपले रोहू-कटला ज्या कुळातले त्याच कुळातले. माशाच्या मांसात अळी स्वतःभोवती कवच करून गप्प बसते. तो मासा कुणी कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला, की माणसाच्या आतड्यात कवच फुटतं, अळी पित्तनलिकेच्या तोंडातून उलटी वर चढते आणि यकृतातल्या बारीक नलिकांमध्ये मुक्काम ठोकते. साधारण महिन्याभरात ती मोठी होते, १० ते २५ मिलिमीटर लांब, पानासारखी चपटी. मग रोज हजारो अंडी. आणि हा पाहुणा वीस-पंचवीस वर्षंही राहू शकतो!

आता कलकत्त्याच्या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतः देतील. नुसता किडा येऊन भागत नाही. योग्य गोगलगाय हवी, योग्य मासा हवा, पाण्यात जाणारं शौच हवं आणि मासा कच्चा खाणारा माणूसही हवा. साखळीतली एक कडी नसली तरी किड्याची वाट बंद.

खडे कसे होतात?

इथे आधी आपल्या भाषेतला एक घोटाळा सोडवू या. आपण मराठीत "पित्त झालंय" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला आम्लपित्त म्हणायचं असतं : छातीत जळजळ, आंबट ढेकर. अंगावर गांधी उठल्या तरी आपण "पित्त उठलं" म्हणतो. आणि विज्ञानाच्या पुस्तकातला पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि चरबी पचवायला आतड्यात उतरतो. तीन गोष्टींना एकच शब्द! त्यामुळे पित्ताशयात खडे असलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं "माझं पित्त खवळतं" म्हणत कोकम सरबत आणि सोडा पीत राहतात. त्या मुलीच्या आईनेही तेच केलं होतं. भाषा शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनो, हा तुमच्याही तासाचा विषय आहे.

तर खडा. पित्तरसात कोलेस्टेरॉल, पित्तक्षार आणि बिलिरुबिन नावाचं रंगद्रव्य विरघळलेलं असतं. त्यांचं प्रमाण बिघडलं किंवा पित्त साचून राहिलं, तर काहीतरी घट्ट व्हायला लागतं. पाकाचं उदाहरण द्या. पाक दाट झाला आणि त्यात एखादा कण पडला, की त्या कणाभोवती साखर जमते.

लिव्हर फ्लूक नेमकं तेच करतो. एक तर तो नलिकेत ठाण मांडून बसतो, त्यामुळे पित्ताची वाट अडते. दुसरं, तो नलिकेच्या आतल्या आवरणाला सतत डिवचतो, मग तिथे सूज येते आणि चिकट स्राव वाढतो. तिसरं, साचलेल्या पित्तात जिवाणू वाढतात. काही जिवाणूंच्या विकरामुळे विरघळलेलं बिलिरुबिन सुटं होतं आणि कॅल्शियमशी जुळून तपकिरी गाळ बनतो. चौथं, किड्याची अंडी आणि मेलेल्या किड्यांचे तुकडे पाकातल्या कणाचं काम करतात. त्यांच्याभोवती गाळ जमत जातो. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात कच्चा गोडा मासा खायची जुनी आवड आहे. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेले पित्ताशयातले खडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांत क्लोनॉर्किसची अंडी सापडली.

खडा हा त्रासाचा एक भाग. नलिकेची ही जुनाट सूज पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगापर्यंत जाऊ शकते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९४ मध्ये ओपिस्थॉर्किसला आणि २००९ मध्ये क्लोनॉर्किसला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही याच गटात आहे.

मग आपण घाबरायचं का?

नाही. हे मी पालकांसाठी मुद्दाम ठळकपणे लिहिते आहे. आपल्याकडे पित्ताशयात खडे होण्याचं कारण सहसा लिव्हर फ्लूक नसतं. वय, बाईपण, गरोदरपण, वाढलेलं वजन, झपाट्याने कमी केलेलं वजन, घराण्याची प्रवृत्ती, रक्ताचे काही आजार, ही आपल्याकडची नेहमीची कारणं. आणि आपलं माशाचं कालवण चांगलं रटरटून उकळतं, तळलेला तुकडा आतपर्यंत शिजतो. क्लोनॉर्किसची वाट आपल्या चुलीवरच संपते. फॅसिओलाची वाट वेगळी, ती पाण्याकाठच्या वनस्पतींवरून जाते. माणसात तो भारतात क्वचित सापडतो. पण तळ्याकाठच्या पाणवनस्पती कच्च्या खाऊ नयेत, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

आता तो मोबाईलवरचा फोटो पुन्हा पाहू या. किडे माणसात आले कसे? आपल्या घरी कच्चा गोडा मासा कुणी खात नाही. मग प्रत्येकाच्या लिव्हरमध्ये जंत असल्याचा दावा कशावरून? पहिल्याच प्रश्नाला फुगा फुटला.

आणि ते हिरवे खडे? २००५ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांनी एक छोटं टिपण लिहिलं होतं. एका चाळीस वर्षांच्या बाईंनी असाच तेल-लिंबाचा उपाय केला आणि पडलेले "खडे" डब्यात घालून दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी ते तपासले. त्यात कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियम नाही. ४० अंश सेल्सिअसला दहा मिनिटं ठेवल्यावर ते वितळून हिरवं तेलकट पाणी झालं. ते खडे नव्हतेच. प्यायलेल्या तेलातली मेदाम्लं पचनात सुटी होतात आणि लिंबाच्या रसातल्या पोटॅशियमशी जुळतात. त्यातून आतड्यातच साबणासारखे गोळे तयार होतात. बाईंचे खरे खडे पित्ताशयात जिथल्या तिथे होते. ते शेवटी ऑपरेशननेच निघाले.

म्हणजे उपाय करणाऱ्यांना दिसतं ते खोटं नसतं, त्याचा अर्थ खोटा असतो. त्या मुलीची आई मूर्ख नव्हती. तिने डोळ्यांनी खडे पाहिले होते. तिला "ती वेडगळ अंधश्रद्धा आहे" म्हणून उडवून लावलं असतं, तर तिने माझ्यावर विश्वास ठेवला असता का? मुळीच नाही. पण "साबण कसा बनतो ते तुझ्या मुलीच्या पुस्तकात आहे, चल पाहू" असं म्हटलं असतं, तर कदाचित ती दोन आठवडे आधी दवाखान्यात गेली असती.

औषध आहे, तरी शाळा लागते

काही जण म्हणतील, "मॅडम, गोळी आहे ना यावर? मग जीवनचक्राचं एवढं कौतुक कशाला?"

गोळी आहे, आणि चांगली आहे. प्राझिक्वांटेल तिचं नाव. क्लोनॉर्किस आणि ओपिस्थॉर्किस तिने मरतात. (फॅसिओलावर मात्र ती चालत नाही, त्याला वेगळं औषध लागतं.) पण ईशान्य थायलंडचा, म्हणजे ईसान भागाचा अनुभव काय सांगतो ते पाहा.

तिथे कोइ प्ला नावाचा पदार्थ आहे. गोड्या पाण्यातला कच्चा मासा बारीक चिरून त्यात लिंबू, मिरची, सुगंधी पाला घालतात. शेतावर सगळे मिळून खातात. आपल्याकडे हुरडा पार्टीची जी गोडी, तीच तिथे याची. लिंबाने मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो. पण आतली अळी मरत नाही. मिरचीनेही नाही, दारूनेही नाही. पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त याच भागात आहे. खोन केन विद्यापीठातले शल्यचिकित्सक नारोंग खुन्तिकेओ यांचे आई आणि वडील दोघेही याच रोगाने गेले. पुढे त्यांनी याच रोगावर काम केलं, ऑपरेशनं केली आणि गावोगाव जाऊन लोकांची तपासणीही केली.

गोळी घेतली की किडे मरतात, पण पुढच्या शेतावरच्या जेवणात पुन्हा कोइ प्ला. पुन्हा किडे. गोळी आजचा किडा मारते, उद्याचा मासा शिजवत नाही.

म्हणून खोन केन प्रांतातल्या लावा तलावाच्या काठी बानचोब स्रिपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी रीत अवलंबली. माणसांना औषध तर दिलंच, पण मांजरं-कुत्र्यांकडेही लक्ष दिलं, कारण तीही किडा पोसतात. गोगलगाई आणि मासे तपासले. गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांना हाताशी धरलं. आणि शाळांमध्ये हा विषय नेला. दहाएक वर्षांत तिथल्या गावांमधलं संसर्गाचं प्रमाण सरासरी ६० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या खाली आलं. तलावातल्या काही जातींच्या माशांत ते पूर्वी ७० टक्क्यांपर्यंत होतं, ते १ टक्क्याच्याही खाली गेलं.

मला यातली शाळा महत्त्वाची वाटते. आजोबांना कोइ प्ला सोडा म्हणून सांगणं कठीण. साठ वर्षांची चव आहे ती, आणि चवीत माणसं, आठवणी सगळं असतं. आपल्याला कुणी उद्या येऊन म्हणालं की ठेचा खाऊ नका, तर आपण ऐकू का? पण तोच मासा आधी परतून घेतला तर जेवण तेच राहतं, किडा मात्र उपाशी. हे घरात नेतं कोण? शाळेत शिकून आलेलं मूल.

वर्गात काय करता येईल?

मी गेल्या वर्षापासून हा पाठ असा घेते. तुम्हाला जमेल तसं बदलून घ्या.

१. जीवनचक्राचं चित्र आयतं देत नाही. अंडं, गोगलगाय, मासा, माणूस अशी चार पाकिटं चार गटांना देते आणि विचारते, "तुमच्याकडून पुढच्या गटाकडे किडा जाणार कसा?" मुलं भांडतात, चुकतात, पण वाट स्वतः शोधतात.

२. मग प्रत्येक बाणावर एकच प्रश्न : "इथे अडवायचं तर काय कराल?" शौचालय, मासा शिजवणं, माणसाची आणि पाळीव प्राण्यांची तपासणी. गावात गोदरी का नको, हे स्वच्छतेच्या भाषणापेक्षा या बाणावरून लवकर पटतं.

३. ज्यांच्या घरी मेंढ्या किंवा म्हशी आहेत त्यांना फॅसिओलाबद्दल घरी विचारून यायला सांगते. गेल्या वर्षी एका मुलाने आजोबांकडून जी माहिती आणली, ती माझ्या पुस्तकात नव्हती. पावसाळ्यानंतर कुठल्या पाणथळ कुरणात मेंढ्या न्यायच्या नाहीत, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. गोगलगाईचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच. वर्गाने दोन्ही जोडलं.

४. शेवटी एक आरोग्यविषयक मेसेज फळ्यावर लिहिते आणि तीन प्रश्न विचारायला लावते. हे शरीरात आलं कसं? आत टिकलं कसं? बाहेर पडलेलं तेच आहे, हे कुणी तपासलं?

पालकांनो, एक विनंती तुम्हालाही. उजव्या बरगडीखाली, विशेषतः तेलकट जेवणानंतर, वारंवार दुखत असेल आणि पाठीकडे किंवा खांद्याकडे कळ जात असेल, तर ते "नेहमीचं पित्त" म्हणून सोडू नका. सोनोग्राफी करून घ्या. त्याबरोबर ताप आणि कावीळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मूल शाळेतून येऊन काही विचारायला लागलं, तर त्याला "तुला काय कळतंय" म्हणू नका.

ती मुलगी आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आता आमच्या घरी ग्रुपवर काही आलं की आई आधी मला विचारते." मला बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, हा प्रश्न तिने मला विचारला होता तेव्हा मी तयार असायला हवी होते.

पुढच्या वेळी आपण तयार असू या. तुम्ही हा पाठ कसा घेता, तुमच्या वर्गात मुलं काय काय विचारतात, जरूर कळवा.